विचारणें आणि उत्तर देणें

सुपारी फुटल्यावर मुलीला "स्थळ पसंत आहे ना?" असें विचारावें आणि तिच्या मौनाला होकार समजावें, हा प्रकार आपल्या समाजाला अपरिचित नाहीं. विचारल्याचें समाधान वडिलांस लाभतें. मुलीच्या वांट्याला कांहींच येत नाहीं. राज्यकर्ते लोकमत मागवितात तेव्हां याहून निराळें कांहीं घडतें काय?

८ मार्च २०१८ रोजीं चिलीमधील सांतियागो येथें पॅसिफिक महासागराभोंवतालच्या अकरा राष्ट्रांनीं एका व्यापारकरारावर सह्या केल्या. त्यांत आपण सामील व्हावें कीं नाहीं, याविषयीं त्याच वर्षीं ब्रिटिश सरकारनें चौदा आठवडे जनतेचें मत मागविलें. अमेरिका, ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड यांच्याशीं करावयाच्या करारांविषयींही त्याच वेळीं विचारणा झाली. चारही प्रश्नांना मिळून सहा लाखांवर उत्तरें आलीं. त्यांतील बहुतेक चळवळी करणाऱ्या संस्थांच्या मार्फत आलेलीं होतीं. पुढें १ फेब्रुवारी २०२१ रोजीं अर्ज, १६ जुलै २०२३ रोजीं ऑकलंड येथें सही, आणि १५ डिसेंबर २०२४ रोजीं अंमल, असा क्रम घडला.

विचारलें तर मानलेंच पाहिजे, असें कित्येक म्हणतात. तें मला पटत नाहीं. संख्येनें दडपण येतें, कारण सिद्ध होत नाहीं. तथापि दुसऱ्यानें लिहिलेल्या अर्जावर सही करणाऱ्यास तुच्छ लेखणेंही अन्यायाचें आहे. ज्याला आपलें गाऱ्हाणें शब्दांत मांडतां येत नाहीं, त्याचे शब्द उसने असतील. दुःख उसनें नसतें.

१७७४ सालीं एडमंड बर्कनें ब्रिस्टलच्या मतदारांना बजावलें होतें कीं, प्रतिनिधीनें त्यांच्या मतासाठीं स्वतःचा विवेक बळी देऊं नये. १७७८ मध्यें आयर्लंडच्या व्यापारावरील बंधनें सैल करण्यास त्यानें पाठिंबा दिला, तेव्हां ब्रिस्टलचे व्यापारी खवळले. बर्कनें त्यांचें मानलें नाहीं. परंतु कां मानीत नाहीं, हें पत्रें लिहून सांगितलें, आणि १७८० सालीं ती जागा गमावून त्याची किंमतही मोजली. विचारणाऱ्यावर जें ऋण चढतें तें असें फेडावयाचें असतें.

या करारानें दीर्घ मुदतींत राष्ट्रीय उत्पादनांत सुमारें ०.०८ टक्के भर पडेल, असा ब्रिटिश सरकारचाच २०२१ मधील अंदाज होता. लाभ इतका अल्प असतां ज्याच्या धंद्याला झळ पोंचण्याचें भय आहे, त्याला "राष्ट्राचें हित" एवढेंच उत्तर पुरत नाहीं. अर्जापूर्वीं विचारलें, हें ब्रिटनच्या श्रेयाचेंच. पण पदरांत काय पडणार व काय सोडावें लागणार, हें तेव्हां ठरलें नव्हतें. तें ठरल्यावर २०१० च्या कायद्याप्रमाणें करार बैठकीचे एकवीस दिवस पार्लमेंटपुढें ठेवावा लागतो. त्यावर मतदान झालेंच पाहिजे, असें बंधन नाहीं. म्हणजे प्रश्न अज्ञानाच्या वेळीं विचारला जातो, आणि ज्ञान झाल्यावर विचारणारा गप्प राहूं शकतो.

लग्नांत मुलीचा नकार निर्णायक असावा, कारण संसार तिचा आहे. राष्ट्राच्या करारांत कोणा एकाचा नकार तसा असूं शकत नाहीं, कारण संसार सर्वांचा आहे. परंतु ज्याचा नकार डावलला त्याच्या डोळ्यांस डोळा भिडवून कारण सांगण्याची तयारी नसेल, तर त्याला विचारूंच नये. न विचारण्यांत निदान खोटेपणा तरी नसतो.