जिनिंगमधली बाळंतीण

वऱ्हाडातल्या मूर्तिजापूरच्या जिनिंगा, म्हणजे कापसातली सरकी काढणारे कारखाने, दिवाळीच्या आसपास सुरू होतात आणि ऊन तापू लागलं की थंडावतात. त्या पाच-सहा महिन्यांत कापूस लोटणं, त्यातली कवडी आणि पालापाचोळा वेचणं ही कामं मुख्यतः बायकांची. डोक्याला फडकं, नाकातोंडावर पदर, पापण्यांवर रुईचा भुरा. यांतली एखादी ऑक्टोबरात बाळंत झाली, तर ती कामावर परत कधी येणार?

मातृत्व लाभाच्या कायद्याप्रमाणे आधीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम भरलं की हक्क मिळतो. एका हंगामात तेवढे दिवस सहज भरतात. २०१७ पासून पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवड्यांची पगारी रजा आहे. पण ऑक्टोबरपासून २६ आठवडे मोजले की एप्रिल उजाडतो आणि तोवर हंगाम उरकलेला असतो. म्हणजे ती परतणार पुढच्या दिवाळीत. बाळाला दूध पाजण्यासाठी रोज दोन जादा मधल्या सुट्या मूल पंधरा महिन्यांचं होईपर्यंतच मिळतात. ती परतते तेव्हा ते बारा-तेरा महिन्यांचं झालेलं असतं.

शिवाय तिला परत घेणार कोण? रजेच्या काळात कामावरून काढणं कायद्याने मना आहे. इथे तिला कोणी काढतच नाही. ‘टोळी भरली वं बाई, पुढल्या साली पाहू,’ एवढं मुकादमाने म्हटलं की झालं. दिल्ली महापालिकेच्या हजेरीपटावरच्या बायकांना हा लाभ मिळालाच पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये ठणकावलं. पण त्या वर्षानुवर्षं त्याच कामावर होत्या. जिनिंगच्या बाईचं नाव दरसाल नव्याने लिहिलं जातं, किंवा लिहिलं जात नाही.

मालकाला खलनायक ठरवून भागत नाही. इतर कारखान्यांत बाळंतपणाचा पैसा राज्य कामगार विम्याच्या सामाईक निधीतून येतो. त्या विम्याच्या १९४८ च्या कायद्याने मात्र हंगामी कारखाने वगळले, आणि हंगामी म्हणजे काय हे सांगताना यादीत पहिलंच नाव घेतलं ते कापसाच्या जिनिंगचं. त्यामुळे सगळा भार एकट्या मालकाच्या खिशावर. मग पोटुशी बाई टाळण्यातच त्याचा फायदा. 

१९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभाच्या विधेयकाला पाठिंबा देताना डॉ. आंबेडकरांनी या खर्चाचा मोठा वाटा खरं तर सरकारने उचलायला हवा, हे मान्य केलं होतं. मात्र बाईच्या कामाचा नफा मालकाला मिळतो, म्हणून त्यालाही सुटका नाही, हेही बजावलं होतं. जवळपास शंभर वर्षं झाली. जिनिंगपुरता यातला पहिला भाग अजून अमलात यायचा आहे.

नवी व्यवस्था शोधायला लांब जायला नको. १९६९ च्या माथाडी कायद्याने महाराष्ट्रात हमालाचं नाव मुकादमाच्या वहीतून माथाडी मंडळाच्या नोंदवहीत आणलं. मालक मजुरीवर लेव्ही भरतात आणि सवलती मंडळ देतं. जिनिंगच्या बायकांसाठी असंच मंडळ करता येईल. कापसाच्या गाठीमागे ठरावीक रक्कम मालकांकडून घ्यावी, त्यात सरकारने आपला वाटा घालावा, आणि मागच्या हंगामाच्या यादीतल्या बायकांना, बाळंतिणीसह, नव्या हंगामात आधी बोलावणं बंधनकारक करावं. सगळ्याच जिनिंगांना सारखी लेव्ही पडली, तर कोणी बाळंतीण ठेवली म्हणून कुणाचा धंदा मागे पडणार नाही. उरते ती मुकादमाची मर्जी. ती मोडायला यादी जिनिंगच्या फाटकावर लावलेली हवी.