भीती शिकवावी की वाट?

(कर्जतचे निवृत्त गुरुजी आणि खालापूर तालुक्यातल्या एका वाडीवरच्या शाळेच्या बाई यांचा संवाद)

बाई : गुरुजी, पावसाळा तोंडावर आलाय. दरडीची लक्षणं मुलांना शिकवायची आहेत. पण इर्शाळवाडीचं नाव निघालं की वर्ग गप्प होतो. १९ जुलै २०२३ च्या रात्री डोंगर खाली आला. २७ मृतदेह मिळाले, ५७ माणसं सापडलीच नाहीत. भीती घालावी तर लेकरं झोपायची नाहीत. न घालावी, तर सांगितलेलं लक्षात कसं राहणार?

गुरुजी : भीतीनेच लक्षात राहतं, हे कशावरून?

बाई : जिवावर बेतलेलं कोण विसरतं?

गुरुजी : खरं आहे. पण अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ जेम्स नेर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा २००७ मधला प्रयोग पाहा. परक्या माळरानावर अडकलो आहोत, अन्नपाणी मिळवायचंय, श्वापदांपासून वाचायचंय, अशी कल्पना लोकांना करायला लावली. मग एकेक शब्द देऊन विचारलं, ही वस्तू कितपत कामी येईल? नंतर अचानक आठवायला सांगितलं, तर इतर रीतींनी विचार केलेल्या शब्दांपेक्षा हे शब्द जास्त आठवले. माणसं मात्र सुखरूप बसलेली होती.

बाई : मग लक्षात राहिलं कशामुळे?

गुरुजी : नेर्न म्हणतात, आपली स्मृती जगण्यासाठीच घडत आली. काही संशोधकांच्या मते, वस्तूचे निरनिराळे उपयोग शोधताना मनात तिच्या भोवती अनेक धागे जुळतात. मला हेच पटतं.

बाई : आमच्या ठाकर आदिवासींच्या मुलींकडून शेवळांच्या रानभाजीचं कुणी पाठ करून घेत नाही. आई आतला पिवळा भाग काढते, भाजीत काकडं ही रानफळं घालते. नाहीतर घसा खाजतो. पोरी शेजारी बसून शिकतात.

गुरुजी : तसंच वापरातून शिकू दे. मुलांना विचारा. रात्री पाऊस कोसळतोय, झऱ्याचं पाणी एकाएकी गढूळ झालंय, घरामागे जमिनीला भेग पडलीय. आजीला घेऊन कोणत्या वाटेनं, कुणाकडे जाल?

बाई : आणि कुणी गेलेल्यांबद्दल विचारलं तर?

गुरुजी : खरं ते सांगा, जवळ बसून सांगा. पण धड्याची सुरुवात मरणापासून नको.

बाई : तरी एक प्रश्न उरतोच. पोरानं भेग ओळखली आणि मोठ्यांनी उडवून लावलं, तर? जगण्याचं ओझं आपण लेकरांच्या डोक्यावर देतोय का?

गुरुजी : एकट्या लेकरांना शिकवलं, तर नक्कीच देतोय. पहिल्या तासाला आईबापांनाही बोलवा. वाट त्यांनीच मुलांना चालून दाखवावी.