अंकाईवरचे अगस्ती

मनमाडहून दौंडकडे निघालेल्या गाडीच्या खिडकीत थोड्याच वेळात अंकाई-टंकाई हे किल्ले येतात. अंकाईच्या माथ्यावर अगस्ती ऋषींचे स्थान आहे, तळे आहे. वनवासात राम अगस्तींना भेटले ते इथेच, असे आमच्याकडची जुनी माणसे सांगत. पुढे कळले की अकोले इथे प्रवरेकाठीही अगस्तींचा आश्रम आहे आणि तिथले लोक हीच भेट आपल्या गावची म्हणून सांगतात. तेव्हा मला रागच आला होता. खरी जागा कोणती, हे एकदाचे ठरायला हवे असे वाटे.

तो राग गेला आर्थर राजाच्या गोष्टी वाचताना. तळ्यातली देवी आर्थरला तलवार देते, हे वाचले आणि अरण्यकांड आठवले. तिथे अगस्ती रामाला वैष्णव धनुष्य, न संपणाऱ्या बाणांचे भाते आणि तलवार देतात. आर्थरवरही टिंटाजेल आणि ग्लास्टनबरी या दोन्ही गावांचा हक्क. मॅलरीची आर्थरकथा १४८५ मध्ये छापली गेली, तिलाच मी मूळ समजत होतो. पण त्यातला लान्सलॉट तीनशे वर्षे आधी एका फ्रेंच कवीने कथेत आणलेला! आणि १९५८ च्या टी. एच. व्हाइटच्या कादंबरीत जादूगार मर्लिन छोट्या आर्थरला मासा करतो, पाखरू करतो, राजा होण्याआधी दुसऱ्याच्या अंगात शिरून जग बघायला लावतो. मला तर आर्थर खरा कळला तो तिथेच.

मग आपल्या घरात पाहिले. लक्ष्मणरेषा वाल्मीकींत नाही. म्हणून ती खोटी का? तिच्यावाचून सीताहरण कुणाला आठवते? मोरोपंतांनी तर १०८ रामायणे रचली असे म्हणतात. त्यांतल्या निरोष्ठ रामायणात ओठांना ओठ लागेल असे अक्षर नाही, म्हणजे 'राम' हे नावसुद्धा घेता येत नाही, आणि तरी कथा रामाची! एवढ्यांदा सांगूनही त्या माणसाचे मन भरले नाही, याचे मला फार प्रेम वाटते. त्याहून प्रिय मला गावबा. एकनाथांचे भावार्थ रामायण युद्धकांडाच्या ४४ व्या अध्यायाशी थांबले आणि पुढचे त्याने पूर्ण केले. पुरणपोळीपायी नाथांच्या घरी राहिलेला, मंद म्हणून हिणवलेला हा पोरगा, अशी त्याची आख्यायिका. १९५५ मध्ये गदिमा-बाबूजींनी आकाशवाणीवर गीतरामायण सुरू केले, तेव्हा घराघरातले लोक शेवट ठाऊक असलेल्या गोष्टीसाठी आठवडाभर थांबत होते.

परवा नातीला घेऊन अंकाई चढलो. अगस्तींनी समुद्र प्राशन केला, ही गोष्ट चढताना सांगून झाली होती. वर तळ्यापाशी बसून बाटलीतले शेवटचे घोट पिताना तिने विचारले, "आजोबा, अख्खा समुद्र प्यायले, मग हे तळं कसं राहिलं?"

मनमाडची पोर ती. नळाला पाणी कधी येणार, हे बोलणे कानावर घेतच वाढलेली.

"राम येणार होते ना," मी म्हणालो, "सीतामाई बरोबर, उन्हातून चालत. त्यांच्यासाठी राखून ठेवलं."

तिने मान डोलावली. उतरताना वाटेत भेटलेल्या दोन मुलांना ती तेच सांगत होती, आणि तिच्या सांगण्यात लक्ष्मणाच्या हातात एक कळशीही आली होती.