कढीपत्त्यावरची अळी



आजचं चिंतन गीतेच्या बाराव्या अध्यायातल्या तेराव्या श्लोकावर. भक्ताची लक्षणं सांगताना भगवंत सुरुवातच इथून करतात, की तो कोणत्याही जीवाचा द्वेष करत नाही. ज्ञानेश्वरीत माउली इथे पृथ्वीचा दाखला देतात. चांगल्याला आधार द्यावा आणि वाईटाला झिडकारावं, हे तिला ठाऊकच नाही.

परवा हे वाचून बाल्कनीत गेले, तर कढीपत्त्याच्या शेंड्याला नुसत्या काड्या! आणि पक्ष्याच्या शिटेसारख्या दिसणाऱ्या चार अळ्या. दोन तिथल्या तिथे चिरडल्या. नंतर कळलं, या लिंबाच्या फुलपाखराच्या अळ्या. लिंबू, कढीपत्ता हेच त्यांचं अन्न. बिचाऱ्या दुसरीकडे जाणार कुठे?

मग जास्वंदीवरच्या पिठ्या ढेकणाचं काय? तो वाढला तर झाडच जाईल, बाप्पाला फूल कुठून आणू? म्हणून संध्याकाळी लिटरभर पाण्यात 5 मिली निंबोळी तेल आणि थोडा साबण घालून फवारते. म्हणजे मारतेच. उगाच अहिंसेचा आव कशाला आणा! पण तेव्हा मनात राग नसतो, झाडाची काळजी असते. त्या दोन अळ्या चिरडताना मात्र मला बरं वाटलं होतं. खरं सांगते, तेच अजून टोचतंय. श्लोक वाचून पाच मिनिटंही झाली नव्हती हो!

उरलेल्या दोघींपैकी एक आज हिरवीगार झालीये. शेंडा तिचा, आमटीला खालची पानं माझी.