मृतांची फिर्याद

फिर्याद दाखल करावयाची तर फिर्यादी कोण, आरोपी कोण आणि गुन्हा कोणता, एवढे तरी आधी कागदावर यावे लागते. ही शिस्त अंगवळणी पडलेल्या आम्हांस अबेल गान्स या फ्रेंच दिग्दर्शकाचा ‘जाक्यूज’ हा मूकपट प्रथम पाहताना मोठी अडचण वाटली. ‘मी आरोप करतो’ हा त्या नावाचा अर्थ. एमिल झोलाने १८९८ साली निरपराध ड्रायफसच्या बाजूने लिहिलेल्या पत्राचे नावही हेच. पण झोलाने दोषी माणसे नावानिशी दाखविली होती. पहिल्या महायुद्धावरील, १९१९ साली पडद्यावर आलेल्या या चित्रपटात आरोप आहे, आक्रोश आहे; आरोपीचा कठडा मात्र बहुतेक वेळ रिकामाच दिसतो.

कथा थोडक्यात सांगून टाकतो, कारण तिच्यात फारसा दम नाही. झां दियाझ हा कोमल मनाचा कवी, फ्रांस्वा हा तापट व संशयी नवरा, आणि दोघांच्या मधे एदित. युद्ध या दोघा वैऱ्यांना एकाच खंदकात आणून ठेवते, तेथे त्यांचे वैर विरघळते. पुढे फ्रांस्वा मरतो व झां वेडा होतो. अश्रूंचा व योगायोगांचा येथे सुकाळ आहे. परंतु कथा जेथे थकते तेथे चित्र बोलू लागते. गावातील पुरुष लढाईवर निघतात तो प्रसंग पाहावा. गान्स तेथे चेहरे बाजूस ठेवून नुसते हात दाखवितो: सामान बांधणारे, निरोपाचा प्याला उचलणारे, प्रार्थनेसाठी जुळलेले, एकमेकांतून सुटू न पाहणारे. एक शब्द नाही, आणि शब्दाची उणीवही नाही.

शेवटी वेडा झां गावकऱ्यांना जमवून आपण पाहिलेले सांगतो. रणभूमीवर पसरलेली प्रेते एकाएकी हलू लागतात, उठतात आणि आपल्या मरणाचे चीज झाले की नाही हे पाहण्यासाठी गावाच्या वाटेला लागतात. कोणाची बायको दुसऱ्याची झालेली, कोणाचा धंदा आप्तांनी बुडविलेला. मृत दारी येताच जिवंतांना पश्चात्ताप होतो, आणि मृत समाधानाने परत फिरतात.

येथेच आमचा आक्षेप आहे. एवढे मोठे सैन्य थडग्यातून उठविले, आणि त्याचा दावा चालविला तो गावच्या चावडीवर! ज्यांनी युद्ध पुकारले, लांबविले, त्यावर पैसा केला, त्यांच्या नावे समन्स निघाले नाही. जाब द्यावा लागला तो विधवांना आणि दुकानदारांना. पुढे गान्सलाही ही उणीव जाणवली असावी. नंतर घातलेल्या एका दृश्यात त्याने पडद्याचे दोन भाग केले: वर पॅरिसच्या विजयकमानीखालून जाणारी विजययात्रा, खाली चालणारे मृतांचे सैन्य. आमच्या मते दाव्याचा खरा अर्ज तो.

मृत सैन्य परत येण्याची कल्पना आपणांस नवी नाही. महाभारताच्या आश्रमवासिक पर्वात, युद्धाला सोळा वर्षे झाल्यावर, व्यासांच्या तपोबलाने भीष्म, द्रोण, कर्ण, दुर्योधन, अभिमन्यू असे सगळे भागीरथीच्या पाण्यातून एका रात्रीपुरते वर येतात. ते कोणास जाब विचारीत नाहीत. त्यांचे वैर गळून पडलेले असते. कर्ण आपल्या भावांना भेटतो. पहाटे सारे पुन्हा पाण्यात अदृश्य होतात. ती रात्र सांत्वनाची. पण तेथे सांत्वन शोभते, कारण आरोपाचे काम गांधारीने स्त्रीपर्वातच उरकलेले असते. आणि तिने आरोपी निवडला तो प्रत्यक्ष श्रीकृष्ण, ज्याच्या हाती युद्ध टाळणे होते असे तिला वाटत होते. एवढी छाती गान्सच्या कवीला झाली नाही. तो सरतेशेवटी आरोप करतो तो सूर्यावर. सूर्यावर समन्स बजावता येत नाही.

हा प्रश्न फ्रान्सपुरताच आहे असेही नव्हे. मेसोपोटेमियात कूट-अल-अमाराला जो वेढा पडला त्यात मराठा पलटणीही होत्या; २९ एप्रिल १९१६ रोजी तेथील सैन्य शरण गेले. बेळगावास मराठा पलटणीचे मुख्य ठाणे पाहिलेल्या वाचकांनी क्षणभर मनात आणावे की तीही माणसे एका रात्री उठून वेशीपाशी आली. साम्राज्य दुसऱ्याचे, भांडण दुसऱ्याचे. त्यांनी कोणाच्या दारी थांबावे?

इतके दोष दाखवूनही ते उठणारे मृत आमच्या डोळ्यांसमोरून हलत नाहीत, आणि त्याचे कारण कलेच्या थोडे बाहेरचे आहे. ती भूमिका करणारी माणसे नट नव्हती. आघाडीवरून रजेवर आलेले सुमारे दोन हजार खरे सैनिक होते. आठ दिवसांत त्यांना परत जावयाचे होते, आणि त्यांपैकी बहुतेक काही आठवड्यांतच मारले गेले, असे गान्सने पुष्कळ वर्षांनंतर सांगितले. ही साक्ष दिग्दर्शकाची स्वतःची, उतारवयातील. उलटतपासणीत तिचे आकडे टिकतील असे आम्ही म्हणणार नाही. पण ज्यांनी मरण काल पाहिले होते व ज्यांना उद्या तिकडेच जावयाचे होते, अशांना त्याने मृत म्हणून जमिनीवर निजविले, एवढे खरेच.

हे योग्य होते काय? माणसाच्या रजेचे आठ दिवस, कदाचित शेवटचे, चित्रासाठी मागून घ्यावेत? आमचे मत डळमळते. कायद्याच्या दृष्टीने संमती होती. पण हुकूम पाळण्याची सवय लागलेल्या माणसाच्या संमतीचे मोल किती, हे कोणताही वकील जाणतो. उलट, हे सैनिक नसते तर फिर्यादी कोण असता? कवीचा वेडा आवाज ऐकून आम्ही उठून गेलो असतो. खाली निजून पुन्हा उठणाऱ्या त्या माणसांसमोर बसून राहावे लागते.

त्या गर्दीत ब्लेझ सांद्रार हा लेखकही आहे. १९१५ साली लढाईत त्याचा उजवा हात तुटला. गान्सचा सहायक म्हणून काम करीत असता तोही मृतांमधे उठून चालला. चित्रपटाच्या आरंभी जे हात निरोप घेतात त्यांची आठवण त्याला पाहून होते. तो १९६१ पर्यंत जगला, आणि उरलेल्या डाव्या हाताने लिहीत राहिला.