जयाचें उपकारस्तवन

पाश्चात्य मंडळींत ‘ते देउम’ नांवाचें एक प्राचीन लातिन उपकारस्तोत्र आहे. मिलान येथें ३८७ सालीं आगस्तीनाचा बाप्तिस्मा झाला, तेव्हां अंब्रोस व तो यांनीं तें प्रथम गाइलें अशी आख्यायिका आहे. विद्वान ती मानीत नाहींत. कर्ता कोणीहि असो, लूथरानें १५२९ सालीं तें जर्मन भाषेंत आणिलें.

पुढें राजेलोकांनीं त्यास निराळ्याच कामीं लाविलें. लढाई जिंकली कीं मंदिरांत तें गाववावयाचें! १७४३ सालीं इंग्रज व त्यांचे मित्र यांनीं डेटिंगन येथें फ्रेंचांस हटविलें, तेव्हां हांडेलनें त्यासाठीं नवें संगीत रचिलें. व्हॉल्टेरनें तर १७५९ च्या एका कथेंत दोन्ही राजे आपापल्या छावणींत हेंच स्तोत्र गाववीत आहेत असें दाखविलें. तो निंदक खरा, पण हा बाण वर्मीं लागतो.

मग जयाबद्दल देवाचे उपकार मानूं नयेत काय? संकटांतून सुटलेल्यानें मुकें राहावें असें शास्त्र सांगत नाहीं. पण सुटकेबद्दल आभार मानणें निराळें, आणि शेजाऱ्याच्या नाशास देवाची संमति होती असें गाणें निराळें. बांधाचा दावा जिंकून कोणी मंडळींत उपकारस्तुति करूं लागला, आणि हरलेला भाऊ त्याच सतरंजीवर बसला असला, तर त्यानें ‘आमेन’ कोणत्या तोंडानें म्हणावें? हांडेलनेंच १७१३ सालीं उट्रेख्टच्या तहानिमित्त याच स्तोत्रास संगीत दिलें होतें. तें उभय पक्षांस एकत्र गातां आलें असतें.

आणि या स्तोत्राचा शेवट स्तुतीनें नव्हे, दयेच्या याचनेनें होतो. विजयी राजांसमोरहि त्या ओळी गाइल्या जात होत्याच.