पाषाणाचे संचित

नेपल्सच्या पश्चिमेस, समुद्राच्या काठी, पोझ्झुओली नावाचे जे प्राचीन शहर आहे, त्यात तीन उंच संगमरवरी स्तंभ उभे आहेत. अठराव्या शतकात उत्खनन झाले तेव्हा तेथे सेरापिस या देवतेची मूर्ती सापडल्यामुळे त्या अवशेषांस देवालय मानले गेले. वस्तुतः ती रोमन काळातील बाजारपेठ होती. या स्तंभांवर, माणसाच्या उंचीच्या कितीतरी वर, दगड पोखरून राहणाऱ्या सागरी शिंपल्यांची छिद्रे आहेत. म्हणजे ही भूमी सागराखाली गेली, पुन्हा वर आली, आणि तरीही स्तंभ कोसळले नाहीत. चार्ल्स लायेल यांनी १८३० साली आपल्या भूशास्त्रीय ग्रंथाच्या मुखचित्रासाठी हेच स्तंभ निवडले.

हा सारा प्रदेश, ज्यास काम्पी फ्लेग्रेई म्हणतात, एका विशाल ज्वालामुखीचे खचलेले मुख आहे. याच परिसरातील आव्हेर्नो सरोवरापाशी रोमन कवी व्हर्जिलने पाताळाचे द्वार कल्पिले, आणि गंधकाची वाफ सोडणाऱ्या सोल्फातारा विवरापाशी संत जेन्नारो यांचा इ. स. ३०५ मध्ये शिरच्छेद झाला, अशी ख्रिस्ती परंपरा सांगते. अशा ठिकाणी जमीन हादरली असता माणसास त्यात दैवी कोप दिसावा, यात नवल नाही.

परंतु तेथील भूकंपांना एक क्रम आहे. १९८२ ते १९८४ या काळात शहराची जमीन सुमारे १.८ मीटर उचलली गेली आणि हजारो धक्के बसले. पुढे वीसेक वर्षे ती हळूहळू खचत राहिली, तेव्हा धक्केही बहुतांशी थांबले. २००५ पासून ती पुन्हा वर येत आहे. भूगर्भात कोंडलेले उष्ण पाणी आणि वायू खडकास ताणतात. त्यात शिलारसाचा वाटा किती, याविषयी विद्वानांत एकमत नाही. बहुतेक धक्के तीनेक किलोमीटर खोलीच्या आतच, सोल्फाताराच्या आसपास उगम पावतात. शिवाय एकदा ताण सोसलेला खडक, तो जुना ताण ओलांडला जाईपर्यंत फारसा तडकत नाही. म्हणूनच २००५ नंतरची आरंभीची वर्षे शांत गेली, आणि २०२२ च्या सुमारास जमिनीने १९८४ ची पातळी गाठून ओलांडल्यावर धक्क्यांची संख्या व शक्ती वाढली. २० मे २०२४ रोजी ४.४ तीव्रतेचा, आणि २०२५ च्या मार्चमध्ये व जूनमध्ये ४.६ तीव्रतेचे भूकंप झाले.

कर्मसिद्धान्ताच्या संस्कारात वाढलेला वाचक येथे थबकेल, कारण पाषाणासही संचित असते असेच जणू हे शास्त्र सांगते. मात्र आपल्या दर्शनकारांचे संचित कर्त्याशी बांधलेले आहे. जे केले नाही त्याचे फळ भोगावे लागणे, यास त्यांनी अकृताभ्यागम म्हटले आणि तो दोष मानला. पोझ्झुओलीच्या शाळेत आज मेजाखाली लपणारी मुलगी १९८३ साली जन्मलीही नव्हती, आणि खडकातील ताण तर तेव्हाही साठत होता; तिच्या भयास पापाचे फळ म्हणणे हा तोच दोष होय. तिचे पूर्वजन्मीचे पाप तिला तेथे घेऊन आले असे कोणी म्हणेल; पण मग कोणतीही घटना या सिद्धान्तास खोटे ठरवू शकणार नाही, आणि त्याच्या पदरी उरेल ते इतकेच की मेलेल्यांच्या माथी आरोप आणि वाचलेल्यांच्या हाती पुण्याची सनद. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात जी माणसे गाडली गेली, त्यांच्या गावांत आदल्याच दिवशी गणपती विसर्जनाची अनंत चतुर्दशी झाली होती.

१५ जानेवारी १९३४ च्या बिहार भूकंपास गांधीजींनी अस्पृश्यतेच्या पापाचे शासन म्हटले. त्यामागील तळमळ मला वंद्य वाटते, कारण ते दुसऱ्याचे पाप दाखवीत नव्हते, स्वतःच्या समाजास जाब विचारीत होते. तथापि रवींद्रनाथांनी जाहीर विरोध केला आणि गांधीजींनी तो ‘हरिजन’मध्ये छापला. हाच युक्तिवाद सनातनी मंडळी गांधीजींच्या चळवळीविरुद्ध सहज वापरू शकतील, हे रवींद्रनाथांचे म्हणणे मला आजही बिनतोड वाटते.

ईश्वराचा कोप येथून वजा केला तर उरते काय? वेदकालीन ऋषींनी ज्यास ऋत म्हटले तो विश्वाचा अढळ नियम, असे माझे उत्तर आहे. ज्या अग्नीमुळे हा खडक ताणला जातो, त्याच्याच उष्णतेवर बायाई येथील रोमन स्नानगृहे चालली, आणि त्याच्याच राखेतून पाण्याखालीही घट्ट होणारे ते चुना-काँक्रीट निर्माण झाले, ज्याने रोमनांनी बंदरे बांधली. नियम एकच असतो. तो कोणासाठी वाकत नाही, म्हणूनच त्याचा अभ्यास करता येतो, आणि अभ्यास करता येतो म्हणून जे जाणतात त्यांच्यावर न जाणणाऱ्यांची जबाबदारी येते. १९८३-८४ मध्ये सुमारे चाळीस हजार माणसांस घरे सोडावी लागली आणि उद्रेक झाला नाही. काहींनी ती फसगत मानली. मी मात्र त्या स्थलांतरास धर्मकृत्य मानतो, कारण पडक्या भिंतींखाली झोपलेल्यांस उठवण्यासाठी उद्रेकाची खात्री लागत नाही.

त्या शहरातील रिओने तेर्रा या टेकडीवरील वस्ती मार्च १९७० मध्ये सरकारी हुकुमाने रिकामी करण्यात आली. रोमन मंदिराचे स्तंभ पोटात घेऊन उभे असलेले तेथील मुख्य चर्च २०१४ साली उपासनेसाठी पुन्हा खुले झाले, तेव्हाही खालची जमीन वर येतच होती. तेथे गुडघे टेकणाऱ्यांच्या श्रद्धेस अज्ञान म्हणण्याचा अधिकार मला दिसत नाही: जमीन किती उचलली गेली आणि किती धक्के बसले, याचा हिशेब १८४१ साली स्थापन झालेली व्हेसुव्हियस वेधशाळा दर आठवड्यास प्रसिद्ध करते, आणि तो वाचूनही माणसे प्रार्थनेस जातात.